झावळीच्या आधी बी

प्रायश्चित्तकाळातील पाचवा रविवार
शुभवर्तमान : योहान 12:20-33



पुढच्या रविवारी आपण हातात झावळ्या घेऊन मिरवणुकीने मंदिरात प्रवेश करू. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची हकीकत चारही शुभवर्तमानांत आहे. पण लोकांच्या हातात खजुरीच्या झावळ्या होत्या हे फक्त योहानाने नोंदवले आहे. त्याच बाराव्या अध्यायात, जयघोष अजून कानांत असतानाच, येशू गव्हाच्या एका दाण्याविषयी बोलतो. मातीत जाऊन स्वतःला हरवल्याशिवाय त्या दाण्याला पीक येत नाही, असे तो शिष्यांना समजावतो. आजच्या शुभवर्तमानाचा तोच गाभा आहे.

लोकांना झावळी हवी होती आणि येशू बी दाखवत होता. झावळी हलवणे एका सकाळचे काम आहे. बी पेरून झावळी येईपर्यंत थांबणे हे मात्र वर्षांचे काम आहे.

हे आज सांगण्याचे कारण आहे. अनेक आईवडील मला भेटून म्हणतात, “फादर, दृढीकरण संस्कार झाला आणि मुलाने मिस्साला येणे सोडले. आमचे कुठे चुकले?” त्या प्रश्नामागचे दुःख मी जाणतो. सेमिनरीत शिकलेल्या तत्त्वज्ञानातून मी त्याला उत्तर देऊ शकेन, पण आज ते उत्तर कुंडीतल्या पामकडून घेऊ या.

आपल्यापैकी पुष्कळांच्या गॅलरीत किंवा गच्चीवर अरेका पामची एखादी तरी कुंडी असते. हे झाड मूळचे मादागास्करचे, पण आता ते अस्सल पुणेकर झाले आहे. सोसायट्यांच्या कुंपणालगत त्याला पिवळ्या-केशरी फळांचे घोस लागतात, फळे खाली पडतात आणि झाडूबरोबर कचऱ्यात जातात. सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून आपण तयार रोप आणतो. बी पेरून पाम वाढवणारे फार थोडे. जे वाढवतात त्यांना चार गोष्टी ठाऊक असतात.

पहिली गोष्ट वेळेची. अरेका पामचे बी ताजे असतानाच पेरावे लागते. पिकलेले फळ दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचे, पाणी रोज बदलायचे आणि गर चोळून पूर्ण काढायचा, कारण गर राहिला तर बुरशी धरते. (भेर्ली माडाची फळे मात्र उघड्या हाताने चोळू नका, भयंकर खाज सुटते.) मग कोकोपीट आणि वाळूच्या ओलसर मिश्रणात ते बी जेमतेम झाकेल इतकेच खोल पेरायचे. डबीत ठेवून पुढच्या वर्षी पेरू म्हटले तर ते सुकते आणि त्यातला जीव जातो. नारळाचेही तसेच. दिसायला तो कितीही दणकट असला तरी पेरणीचा नारळ वर्षानुवर्षे ठेवता येत नाही.

मुलांच्या श्रद्धेचे बी हे असेच आहे. “मोठा झाला की समजेल, तेव्हा शिकेल,” असे आपण म्हणतो. क्रूसाची खूण, रात्रीची रोझरीची प्रार्थना, जेवणापूर्वी देवाचे आभार, मिस्साला बापाच्या बोटाला धरून येणे, हे सगळे ताजे असताना पेरायचे बी आहे. दहावीच्या क्लासमुळे, क्रिकेटमुळे, पाहुण्यांमुळे ते एक-एक वर्ष डबीत राहते, आणि नंतर आपण धर्मगुरूला विचारतो की उगवले का नाही.

दुसरी गोष्ट उबेची. पामचे बी नुसत्या पाण्याने उगवत नाही, त्याला ऊब लागते. साधारण 25 ते 35 अंश तापमान त्याला मानवते. पुण्याच्या डिसेंबरमधल्या थंडीत पेरलेले बी निपचित पडून राहते. म्हणून आपला हा प्रायश्चित्तकाळ, थंडी सरून ऊन तापू लागण्याचा काळ, पेरणीला चांगला. ॲरिस्टॉटल म्हणे की बीजात झाड शक्यतेच्या रूपाने असते. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यावर भर दिला की, जे केवळ शक्यतेत आहे ते स्वतःहून प्रत्यक्षात येत नाही. जे आधीच प्रत्यक्षात आहे, त्याने ते जागे करावे लागते. हे अवघड वाटले तर स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. दुधात दही होण्याची शक्यता असतेच, पण विरजणाशिवाय दही लागत नाही. ज्या घरात आईवडिलांची श्रद्धा जिवंत आणि उबदार आहे, तिथे मुलांचे बी जागे होते. जिथे मुलाला मिस्साला पाठवून बाप पेपर वाचत बसतो, तिथे पाणी आहे पण ऊब नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. पेरलेले बी उकरून पाहायचे नसते. अरेका पामला उगवायला महिना-दोन महिने, कधी तीनही महिने लागतात. त्या काळात कुंडीत काहीच दिसत नाही आणि हात शिवशिवतात. आता उन्हाळ्यात गाड्यांवर ताडगोळे येतात, त्या ताडाचे पाहा. त्याचे पक्के बी रुजते तेव्हा त्याचा कोंब वर येत नाही, तो आधी जमिनीत खोल उतरतो आणि भावी झाडाला बरोबर खाली घेऊन जातो. वरून पाहणाऱ्याला वाटते की बी वाया गेले. प्रत्यक्षात झाड स्वतःची जागा धरत असते. ते पाहण्यासाठी उकरणारा माणूस तोच कोंब मोडतो. म्हणूनच ताडाचे बी शक्यतो जिथे झाड हवे तिथेच पेरतात.

मग एक दिवस पहिले पान येते, आणि तेही पामचे वाटत नाही. अनेक पामांत ते असते गवताच्या पात्यासारखे साधे आणि अरुंद. अनेकजण तण समजून ते उपटून टाकतात! झावळीसारखे चिरलेले पान फार नंतर येते. पामचे खोड तर आधी जमिनीलगत आपली पूर्ण रुंदी कमावते आणि मगच उंची धरते, कारण आंब्या-वडासारखे ते नंतर वर्षागणिक जाड होत नाही. बाहेरून ही वर्षे थांबल्यासारखी दिसतात. मार्काच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला शेतकरी आठवा. तो झोपतो, उठतो आणि बी कसे वाढते हे त्याला ठाऊकही नसते.

तुमचा मुलगा आज मिस्साला येत नसेल, पण आजारी मित्राजवळ दवाखान्यात रात्रभर बसत असेल, लाच देणार नाही म्हणून अडून बसत असेल, तर ते गवताचे पाते नीट पाहा. ते तण नाही. रविवारच्या मिस्साचे महत्त्व मी कमी करत नाही. ख्रिस्तशरीरावाचून आपण जगू शकत नाही. पण पाते उपटून झावळी लवकर येत नाही.

चौथी गोष्ट जखमेची. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. नारळाला वाढीचा एकच कोंब असतो, तो माथ्यावर. तो मेला की झाड मेले. खोडाला झालेली जखमही भरून येत नाही, वण आयुष्यभर राहतो. खोडात खिळा ठोकला की त्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो आणि अळ्या झाड आतून पोखरतात. घरातले काही शब्द असेच खिळे असतात. “तू आमची मान खाली घातलीस.” “तुझ्यापेक्षा शेजाऱ्याचा मुलगा बरा.” बोलणारा विसरतो, पण भुंगा आत शिरलेला असतो. प्रायश्चित्तकाळात मांस सोडणे चांगलेच, पण ज्यांच्या घरात असे खिळे ठोकले जातात त्यांनी यंदा ते सोडावेत. आणि ठोकले गेले असतील तर ईस्टरच्या आधी मुलाजवळ जाऊन क्षमा मागावी. आईबापाने क्षमा मागितल्याने त्यांचा मान कमी होत नाही.

आता काहीजण म्हणतील, “फादर, आमची वेळ गेली. मुले चाळिशीची झाली, परदेशात आहेत, देवाचे नाव घेत नाहीत.” त्यांच्यासाठी एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. मृत समुद्राजवळ मसादा नावाचा हेरोद राजाचा किल्ला आहे. 1963 ते 1965 या काळात तिथे उत्खनन झाले, त्यात खजुराच्या काही जुन्या बिया सापडल्या. त्या सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या, म्हणजे जवळजवळ येशूच्या काळातल्या आहेत, असे पुढे तपासणीत दिसले. चाळीसेक वर्षे त्या तशाच पडून होत्या. 2005 साली डॉ. सारा सॅलन आणि डॉ. एलेन सोलोवे या दोन स्त्रियांच्या प्रयत्नाने त्यांतल्या तीन पेरल्या गेल्या. दोन उगवल्या नाहीत, एक उगवली. त्या रोपाला त्यांनी बायबलमधल्या सर्वांत दीर्घायुषी माणसाचे, मथुशलहाचे नाव दिले. ते नर झाड निघाले. पुढे दुसऱ्या एका प्राचीन बीपासून ‘हन्ना’ नावाचे मादी झाड वाढले आणि 2020 साली मथुशलहाच्या परागाने हन्नाला खजूर लागले.

खजुराचे कोरडे बी वाट पाहू शकते, अरेकाचे ताजे बी पाहू शकत नाही. तुमच्या मुलात कोणते बी आहे हे तुम्हांला माहीत नाही, मलाही नाही. म्हणून लहानग्यांच्या बाबतीत आपण घाई करू या आणि दूर गेलेल्यांच्या बाबतीत आशा सोडू नये. पेरणारा एक, पाणी घालणारा दुसरा, पण वाढवणारा देवच, हे संत पौलाने करिंथकरांना बजावलेच आहे.

आपल्या शहराकडेही पाहा. 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, पेशव्यांच्या फौजेतल्या मूठभर ख्रिस्ती शिपायांसाठी पुण्यात पहिले कॅथलिक मंदिर उभे राहिले. तेच आपले सिटी चर्च. पुणे धर्मप्रांत स्थापन झाला 1886 साली. मधल्या 94 वर्षांत किती निनावी आयांनी आपल्या मुलांना क्रूसाची खूण करायला शिकवले असेल! त्यांतल्या अनेकींनी धर्मप्रांत पाहिला नाही. त्यांनी फक्त बी पेरले. आज आपण त्यांच्या झावळ्या हातात धरतो.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षण वर्गातील प्रत्येक मुलाला अरेका पामच्या गर काढलेल्या पाच बिया दिल्या जातील. आईवडिलांनी मुलांबरोबर बसून त्याच दिवशी त्या पेराव्यात, कुंडी उबदार पण अर्धसावलीच्या जागी ठेवावी, माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये. पेंटेकॉस्टच्या सुमारास कोंब दिसू लागतील. पाचांपैकी दोन उगवल्या तरी देवाचे आभार माना. रोज पाणी घालताना घरातल्या एका व्यक्तीचे नाव घेऊन, जी दूर गेली आहे तिच्यासाठी, एक ‘नमो मरिया’ म्हणा. आशीर्वादित झावळी क्रूसामागे ठेवा आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारापूर्वी मंदिरात आणून द्या. तिचीच राख आपल्या कपाळी लागते आणि आपण मातीचे आहोत याची आठवण देते. बीसुद्धा मातीतच जाते. येशूही तीन दिवस मातीत होता.

आणि कुणी काहीही म्हटले तरी, बी उकरू नका.

प्रभू तुम्हां सर्वांना धीर देवो आणि तुमच्या घरांना आशीर्वाद देवो. आमेन.