ओटा कुणाचा?

धडगावात आणि आसपासच्या पाड्यांवर घरं दुरुस्त करून देणं हा माझा धंदा. गळकं छप्पर बदलायचं, मागे न्हाणी जोडायची, पुढे ओटा बांधून त्यावर पत्र्याची पडवी काढायची. सिमेंट-सळई खालून येते. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की काम आहे तिथे थांबतं. सगळ्यात जास्त मागणी ओट्याला असते, आणि अलीकडे जवळपास तितकीच, आहे तो ओटा बंद करून देण्याला. विटांची अर्धी भिंत, वर लोखंडी जाळी, दाराला कडी. टेप धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिलो की मला दर वेळी एकच प्रश्न पडतो, आणि तो मला धर्माचा वाटतो: ही जागा खरोखर घरमालकाची आहे का?

कागदावर ती त्याचीच आहे. माझा प्रश्न कागदाचा नाही.

आमच्या अक्राणी तालुक्यातली जुनी घरं मी उतरवली आहेत, म्हणून ती मला आतून ठाऊक आहेत. सागाचे खांब, बांबूचे कूड, त्यावर शेणमातीचं सारवण, छपराला कौलं. डोंगरउतारावर प्रत्येक घर आपापल्या शेतात, सुटं. पण ते एकट्या कुटुंबाने उभं केलेलं नसतं. भिल्ल-पावरांमध्ये अशा कामाला लाह बोलावतात. पाडा येतो, मजुरी कुणी घेत नाही, घरवाला सगळ्यांना जेवू घालतो, आणि पुढे दुसऱ्याची हाक आली की त्याने जायचं असतं. वासे सोडवताना मी गाठी बघतो. एक गाठ डावीकडून वळलेली, शेजारची उजवीकडून. किती जणांचे हात लागले होते ते वर चढल्यावरच कळतं.

मी मजुरी घेतो. शेवटचा हप्ता हातात पडला की माझं आणि त्या घराचं देणंघेणं संपतं. लाहेत ते संपत नाही. एकाचं फिटतं तेव्हा दुसऱ्याचं चढलेलं असतं. माझ्या धंद्याने माणसाची सोय झाली, हे मी मनापासून मानतो. पाड्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली असतील, तर लाहेला बोलवायचं कुणाला? तरीही पैसे देऊन जे मिटतं, ते सगळंच मिटायला हवं होतं का, हा विचार जात नाही.

शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे की माणूस जन्मतःच ऋणी असतो. देवांचं, ऋषींचं, पितरांचं ऋण आपण कीर्तनात ऐकलेलं असतं. तिथे चौथंही सांगितलं आहे, माणसांचं. देवांचं ऋण यज्ञाने फिटतं, ऋषींचं अध्ययनाने, पितरांचं संततीने, आणि माणसांचं? माणसांना आसरा देऊन, अन्न देऊन. हे समजलं तेव्हापासून छपराकडे बघायची माझी रीतच बदलली. लाहेचं देणं ओळखीच्या पाड्याचं असतं. हे चौथं देणं मात्र कुणाचंही, ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही त्याचंसुद्धा. ते फेडायची जागा घरात कुठे आहे? स्वयंपाकघरापर्यंत परका येत नाही, देव्हाऱ्यापर्यंत येत नाही. तो ओट्यापर्यंत येतो. आठवडी बाजाराच्या दिवशी धडगावात बघा: लांबच्या पाड्यांवरून आलेली माणसं जीप भरेपर्यंत कुणाच्या तरी ओट्यावर बसलेली असतात, पोरं मांडीवर, पिशव्या पायाशी. पाणी मागितलं तर मिळतं.

आता सरकारी घरकुलांचं बघा. 2016 पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत डोंगरी भागाला 1 लाख 30 हजार रुपये मिळू लागले, घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावं, ठेकेदार नेमू नये, असा नियमच आहे आणि तो मला योग्य वाटतो. पण एवढ्या पैशात भिंती आणि स्लॅब झाला की हात आखडतो, आणि पहिला गळतो तो ओटा. वर्ष-दोन वर्षांनी चार पैसे साठले की लोक माझ्याकडे येतात. म्हणजे ओटा हवा असतो, फक्त तो शेवटी येतो.

घर हलवलं म्हणून देणं हलत नाही, हे सरदार सरोवराच्या वेळी दिसलं. त्याच्या बुडितात महाराष्ट्राच्या बाजूची 33 गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. लोकांनी घरं उतरवली; खांब, वासे, कौलं गाड्यांत भरून पुनर्वसनाच्या वसाहतींत नेली. खांब पुन्हा उभे राहिले. पण एका गावाची माणसं एकाच ठिकाणी गेली नाहीत: कुणी तळोद्याकडे, कुणी गुजरातेत, कुणी वर डोंगरातच राहिलं. लाकूड हलवता आलं, एकमेकांचं देणं त्या गाड्यांत बसलं नाही.

मग ओटा बंद करायला मी नाही म्हणावं का? एका बापाने मला सांगितलं, “मिस्त्री, पोरगी बारावीला आहे. तिला दार लावून बसता येईल अशी एक खोली पाहिजे.” यावर कुठला ग्रंथ उत्तर देईल? बाहेरच्याला सावली आणि घरच्या मुलीला कोपरा नाही, हा आसरा माझ्या बुद्धीला पटत नाही. खोली मी बांधली, जाळीसुद्धा लावली. मुलीचा हक्क पहिला, यात मला शंका नाही. पण ऋण किती जागेत फेडायचं याचं माप कुणी दिलेलं नाही, आणि तिथेच मला वाट दिसते. दीड हात रुंदीचा कट्टा, पत्रा तेवढाच पुढे ओढलेला, पायरी रस्त्याकडे. दोन माणसं आणि एक पोर बसेल इतकं.

आता प्रत्येक कामात मी तेवढं जाळीबाहेर सोडायला सांगतो, आणि त्या कट्ट्याची मजुरी लावत नाही. बाजारपेठेतले काही जण याला सवलत समजतात आणि दुसऱ्या कामातही मागतात. तेव्हा मी नाही म्हणतो. पाड्यावरची म्हातारी माणसं वेगळं वागतात. पैसे न घेतलेलं काम कुठलं ते विचारतात आणि त्या दिवशी मला जेवल्याशिवाय गाडीला किक मारू देत नाहीत.