हुकूम आणि करारनामा

पस्तिशीच्या आसपास ज्याची नोकरी संपते, ज्याच्या मुलांची शिक्षणे तेव्हा कोठे सुरू होत असतात आणि ज्याच्या वाट्याची दोन-चार एकर कोरडवाहू जमीन सोयाबीनच्या भावावर व पावसाच्या मर्जीवर सोडलेली असते, अशा नांदेड-लातूरकडील निवृत्त जवानाचे मन बँकेच्या दारावरील पहाऱ्यात रमत नसेल आणि कुवेत, कतार अथवा जिबूती येथील एखाद्या लष्करी तळावरच्या कंत्राटी कामाची बातमी कानी पडताच तिकडे ओढ घेत असेल, तर त्यात लोभाचा दोष पाहणे अन्यायाचे आहे. शिपायास निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची सेवा पुरते. म्हणजे विशीच्या आत भरती झालेला मनुष्य ऐन उमेदीत गावी परततो. वाहनदुरुस्ती, बिनतारी संदेश, भांडारव्यवस्था, पहारा यांपैकी एखादी विद्या त्याच्या अंगी असते, आणि परदेशी तळांना अशीच माणसे हवी असतात. त्याने अवश्य जावे, असेच मी म्हणेन; मला चिंता वाटते ती त्याच्या पाठीशी कोणीही उभे नसल्याची.

वेतनासाठी परमुलखात शस्त्र धरणे या भूमीस नवे नाही. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत ज्याच्या तोफखान्याने निजामाला जेरीस आणले, तो इब्राहिमखान गारदी पूर्वी निजामाच्याच पदरी होता. नांदेडला हजूरसाहिबांच्या सान्निध्यात रणजितसिंहाच्या मुलखातून आलेल्या लाहोरी फौजेची आठवण अद्याप सांगितली जाते. हिंगोलीच्या छावणीत निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली कंटिंजंटची पलटण राहत असे, आणि त्याच खर्चाच्या थकबाकीपायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. परंतु या साऱ्यांत मला विशेष वाटते ते हैदराबाद संस्थानातील अरब जमादारांचे. हा जमादार एकटा येत नसे. त्याची टोळी त्याच्याबरोबर असे, आणि सरकारकडे पगार थकला तर महसुलाचा मुलूख तारण म्हणून ताब्यात ठेवण्याइतकी धमक त्याच्यात असे. त्यापायी रयतेचे हाल झाले, हे खरेच. तथापि आपल्या श्रमाचे मोल बुडू नये म्हणून परक्या देशातील चाकराने काय काय हाती ठेवावे, हे त्याला पक्के ठाऊक होते. आमचा जवान मात्र आज एकटा जातो, आणि त्याचे तारण म्हणजे फोनवर आलेला एक कागद.

असा एक कागद मुखेड तालुक्यातील एका माजी हवालदाराने मला दाखविला. हुद्दा 'सिक्युरिटी सुपरवायझर', पगार डॉलरमध्ये, तळाशी गोल शिक्का. मालकाचा पुरता पत्ता नव्हता, कामाच्या तासांचा उल्लेख नव्हता, भरती करणाऱ्या एजंटाचा नोंदणी क्रमांक नव्हता. व्हिसा मात्र 'व्हिजिट', तो तेथे गेल्यावर बदलून मिळेल असे तोंडी आश्वासन, आणि 'फाइल चार्ज' म्हणून दीड लाखाची मागणी. हवालदाराने आपले डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणले होते. त्याने मला एवढेच विचारले : "सर, रिपोर्टिंगची तारीख कधी कळेल?"

या प्रश्नात मला सबंध रोगाचे निदान दिसले. सैन्यात हुकूम लेखी आला की तो खराच असतो. त्यामागे तो काढणारा अधिकारी, त्याचे दप्तर आणि अखेर सारे राष्ट्र उभे असते, म्हणून त्याची शहानिशा करणे हे शिपायाचे काम नव्हे, आणि ते त्याने करू नये हेच त्याला वर्षानुवर्षे शिकविले जाते. करारनाम्याचा स्वभाव याच्या अगदी उलट असून, त्यावरील प्रत्येक ओळ शंकेने वाचावी लागते. ज्या गुणाने मनुष्य उत्तम सैनिक ठरतो, तोच गुण त्याला दलालाच्या दारात निःशस्त्र करतो. आणि हा गुण सरकारनेच त्याच्या अंगी बाणविलेला असल्यामुळे त्याच्या परिणामांची जबाबदारी सरकारला झटकता येत नाही.

कायदा आहे, पण तो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाप्रमाणे परदेशासाठी माणसे भरती करणाऱ्यास नोंदणी आवश्यक आहे, आणि त्याला उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक घेता येत नाही. अठरा देशांसाठी कमी शिकलेल्या कामगारास उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते, आणि तिच्याबरोबर दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही सक्तीने येतो. दोन वर्षांचा त्याचा हप्ता अवघा २७५ रुपये. परंतु दहावी उत्तीर्ण मनुष्य या तपासणीतून मुक्त आहे, आणि आमचे बहुतेक जवान दहावी उत्तीर्ण असतात. शिकल्याची सवलत म्हणून जे दिले, त्यामुळेच तो दप्तरातून निसटतो : तो गेला कोणाकडे, कोणत्या करारावर, याची नोंद कोठेच राहत नाही. अशा प्रवाशांचीही नोंदणी १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची करण्याचे ठरले होते. अंमल सुरू होण्याआधीच तो निर्णय स्थगित झाला.

याची किंमत काय पडते, हे जगाने पाहिले आहे. जून २०१६ मध्ये काबूल येथे कॅनडाच्या वकिलातीच्या पहारेकऱ्यांची मोटार स्फोटात उडाली. मृतांत बहुसंख्य नेपाळी होते, देहरादूनकडील दोघे भारतीयही होते. २०२४ मध्ये, मदतनीसाचे काम सांगून तरुणांना रशियाच्या युद्धात लोटणाऱ्या दलालांवर सीबीआयने गुन्हे नोंदविले. उलट दिशेचे उदाहरणही स्मरणात ठेवावे. २०१३ साली तुतिकोरीनजवळ 'सीमन गार्ड ओहायो' हे समुद्री पहाऱ्याचे जहाज पकडले गेले, तेव्हा त्यावरील ब्रिटिश माजी सैनिकांच्या सुटकेसाठी त्यांच्या देशात घरच्यांनी वर्षानुवर्षे आवाज उठविला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. अहमदपूरच्या किंवा देगलूरच्या घरातून असा आवाज कोणी आणि कोणत्या दारी उठवावा?

हक्क नाहीत असेही नाही. अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर काम करणाऱ्याकडून भरतीचे पैसे घेण्यास आणि त्याचे पारपत्र अडकवून ठेवण्यास त्या सरकारच्या खरेदीनियमांत मनाई आहे. 'डिफेन्स बेस ॲक्ट' हा त्यांचा १९४१ चा कायदा तर परदेशी तळावरील कंत्राटी कामगारास, मग तो कोणत्याही देशाचा असो, दुखापतीची आणि त्याच्या वारसांस मृत्यूची भरपाई देववितो. पण भरपाई मागायची तर मूळ कंत्राटदाराचे नाव घरी माहीत हवे, आणि हाताखालच्या उपकंत्राटदारांच्या साखळीत नेमके तेच नाव हरवते.

शेजारच्या तेलंगणाने परदेशी नोकरीसाठी 'टॉमकॉम' ही सरकारी कंपनी काढली आहे, केरळाने 'ओडेपेक' १९७७ मध्येच स्थापिली. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा सरकारला हे काम परके आहे असे म्हणण्यास जागा उरलेली नाही. पुण्यातील माजी सैनिकांचे महामंडळ, मेस्को, देशांतर्गत पहाऱ्याची कंत्राटे घेतच असते. त्याने परदेशी भरतीची नोंदणी करून मधला दलाल वगळावा, अशी माझी मागणी आहे. ती तातडीचीही आहे. अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतील. त्यांतले तीन-चतुर्थांश तरुण सुमारे पावणेबारा लाखांची सेवानिधी घेऊन, निवृत्तिवेतनाविना, पंचविशीच्या आसपास घरी येतील, आणि दलालाला याहून सोपे गिऱ्हाईक मिळणार नाही.

तोवर नांदेड आणि लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी निदान एक नोंदवही उघडावी. तीत जाणाऱ्याचे नाव, मूळ कंत्राटदार, उपकंत्राटदार, एजंटाचा क्रमांक, व्हिसाचा प्रकार, विमा आणि करारनाम्याची प्रत एवढे असले तरी भागेल. जवानाने निघण्यापूर्वी तेथे यावे, कारकुनाने त्याच्यासमक्ष एजंटाचा क्रमांक सरकारी यादीत पडताळावा, आणि न जुळल्यास तसे त्याला आणि त्याच्या पत्नीला तोंडावर सांगावे.