अस्तंब्याच्या वाटेवरचं तेल

आमच्या असोद्याहून हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते. कवयित्री बहिणाबाईंचं माहेर म्हणून गावाला लोक ओळखतात. जमीन सपाट आणि काळी. डोंगर चढायचा तो देवासाठीच, हा आमच्याकडचा जुना रिवाज. यावलकडच्या दरीत मनुदेवी, एरंडोलजवळ तळ्याकाठी पद्मालयाचा गणपती, महाशिवरात्रीला तोरणमाळचे गोरखनाथ. या वाटांनी का जातोस, असं कुणी कुणाला विचारत नाही. अस्तंब्याला निघालेल्याला मात्र एका कीर्तनकार बुवांनी माझ्यादेखत विचारलं, ‘झोपलेली पोरं मारणाऱ्याची कसली रे यात्रा करता?’

प्रश्न माझ्या भाच्याला होता. तो गप्प राहिला. मला तेव्हापासून तो प्रश्न सोडत नाही, कारण तो खरा आहे.

अस्तंबा नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणीच्या डोंगरात आहे. १९९८ मध्ये जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख धुळ्याचाच. शिखराची उंची सुमारे १,३२५ मीटर आणि वर अश्वत्थाम्याचं ठाणं. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून जथे निघतात. खानदेशातले, गुजरातेतले, मध्य प्रदेशातले लोक, बहुतेक तरुण. कोठार, देवनदी, असली अशी गावं मागे टाकत चढतात. पावसाळा नुकताच सरलेला असतो, गवत कमरेएवढं असतं, ओढ्यांना पाणी असतं. वाटेवर पावरा आणि भिल्लांची घरं लागतात. कुडाच्या भिंती, अंगणात मक्याची कणसं वाळत घातलेली. पाणी मागितलं तर मिळतं. सागाचं रान कुठे दाट, कुठे नुसते खुंट उरलेले. आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेलं जंगल आता तिथे नाही, आणि हे बघताना वाईट वाटतं.

शेवटची चढण अवघड आहे. खडकाळ, घसरडी, एका बाजूला खोल दरी. पुष्कळ जण ती रात्रीच चढतात. खालून पाहिलं की बॅटऱ्यांची रांग डोंगरावर हलताना दिसते आणि मधूनमधून जयजयकार ऐकू येतो. कुणाचा जयजयकार, हे आता सांगायला हवं.

महाभारतातलं सौप्तिकपर्व ज्यांनी वाचलंय त्यांना ती रात्र ठाऊक आहे. युद्ध संपलेलं. अश्वत्थामा अंधारात पांडवांच्या शिबिरात शिरतो. बापाला मारणाऱ्या धृष्टद्युम्नाला शस्त्रसुद्धा हाती घेऊ देत नाही, लाथांनी मारतो. द्रौपदीचे पाचही मुलगे तो त्याच रात्री संपवतो. पुढे पांडव त्याला गाठतात तेव्हा अस्त्र सोडतो ते उत्तरेच्या गर्भावर, न जन्मलेल्या मुलावर. मग त्याच्या कपाळीचा मणी काढून घेतला जातो आणि कृष्ण त्याला शाप देतो: रक्ता-पुवाच्या दुर्गंधीसह, कुणाशी बोलणं नाही, कुणाची सोबत नाही, निर्जन रानात तीन हजार वर्षं भटकशील.

आमच्या खानदेशात ते रान म्हणजे सातपुडा. तो कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, असं इथे मानतात. वाट चुकलेल्या यात्रेकरूला तोच वाटेवर आणून सोडतो, असंही सांगतात. म्हणून वर जाताना तेल न्यायचं. माझी माय दिवाळीच्या अभ्यंगाला आम्हांला तेल लावण्याआधी चार थेंब त्याच्या नावाने जमिनीवर टाकायची. सात चिरंजीवांच्या श्लोकात पहिलं नाव त्याचंच आहे. मी लहानपणी तिला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता, की वाईट माणसाला तेल कशाला? ती म्हणाली, ‘त्याले तेल देऊन दे. बाकी त्याचं तो पाहीन.’

मायच्या बोलण्याचा अर्थ मला नोकरीत लागला. मी सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. सगळी हयात जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात गेली. एकदा पोलिसांनी एक माणूस आणला. त्याला लोकांनी बेदम मारलं होतं, आणि लोकांचा राग खोटा नव्हता. त्याने काय केलंय ते सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. ज्या घरावर त्याने घाला घातला त्या घरातली बाई पलीकडच्या वॉर्डात आपल्या मुलाच्या उशाशी बसलेली होती. मी आधी त्या मुलाची पट्टी करायचो आणि मग याची. याचा एक हात खाटेला बेडीने बांधलेला. सुकून चिकटलेली पट्टी तशीच ओढली की याचाही श्वास अडायचा, अगदी त्या मुलासारखाच. म्हणून मी दोघांचीही पट्टी सलाईनने भिजवून हलके हलके सोडवायचो.

यात मी त्याला माफ केलं असं काही नव्हतं. माफ करणारा मी कोण? तो अधिकार असलाच तर त्या बाईचा. मला तो कुणी दिला नव्हता आणि मी घेतलाही नाही. माझ्या हातात होतं ते सलाईन, कापूस, पट्टी. तेवढ्याचं काय करायचं, एवढंच मला ठरवायचं होतं.

बुवांच्या प्रश्नाचं उत्तर मी इथून शोधतो. अस्तंब्याला जाणारी पोरं अश्वत्थाम्याला निर्दोष ठरवायला जात नाहीत. त्याची कथा त्यांना माहीत असते, चढताना तीच एकमेकांना सांगतात. दुखणं कमी करणं आणि गुन्हा पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम फक्त द्रौपदीचं होतं. भागवतात ती ते करतेही. अर्जुनाने बांधून आणलेल्या गुरुपुत्राला सोडा म्हणते, कारण मी रडतेय तशी त्याची आई रडायला नको. महाभारतातली द्रौपदी मात्र तसं म्हणत नाही. ती अन्नपाणी सोडून बसते आणि त्याचा जीव मागते, नाहीतर मणी तरी. मला दोन्ही द्रौपदी खऱ्या वाटतात. एकाच आईच्या मनात एका दिवसात हे दोन्ही येऊन जाताना मी दवाखान्यात पाहिलंय.

एक हरकत उरते, आणि बुवांच्या बोलण्यात तीच सगळ्यांत जड होती. मारणाऱ्याला डोंगर आहे, यात्रा आहे, जयजयकार आहे. मेलेल्या पोरांना काय आहे? प्रतिविंध्य, सुतसोम, शतानीक ही नावं तरी कितींना येतात? अर्जुनाच्या आणि सहदेवाच्या मुलांची नावं तर एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी वेगळी अशी येतात. या हरकतीला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी एक पद्धत ठेवली आहे. वर पोचलो की तेल वाहण्याआधी मी पाचही मुलांची नावं मोठ्याने घेतो. सोबतची पोरं आता माझ्याबरोबर म्हणतात. नावं घेतल्यावर जयजयकार करायला जीभ जरा जड होते. तशी ती व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट मी बुवांपुढे मांडली. शाप तीन हजार वर्षांचा. पंचांगातल्या कलियुगाला पाच हजारांवर वर्षं होऊन गेली, आणि युद्ध त्याच्याही आधीचं. म्हणजे पोथीच्या हिशोबाने त्याची शिक्षा कधीच संपली. तरी आम्ही त्याला अजून रक्ताळलेलाच फिरवतो, कलियुगाच्या अखेरपर्यंत फिरेल म्हणून सांगतो. शिक्षेची मुदत कृष्णाने घातली होती, ती वाढवली लोकांनी. तुरुंगातून सुटून गावात परतलेल्या माणसाकडे आपण कसं बघतो, ते मला ठाऊक आहे. त्याला कुणी कामावर घेत नाही, पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. अस्तंब्याची वाट निदान त्याच्याकडे जाते. वर्षातून एकदा का होईना, माणसं आपल्या पायांनी, रात्रीची, धोक्याच्या चढणीने, शाप मिळालेल्याच्या दारी जातात आणि त्याच्याकडून काही मागण्याऐवजी त्याला हवं ते देतात. एवढं करणारी दुसरी यात्रा मला माहीत नाही. मुक्ताईनगरहून पंढरीला जाणाऱ्या पालखीबरोबर मी चाललोय. तिथला आनंद मोठा, पण तिथे पुढे विठ्ठल असतो, आणि त्याच्याकडे जायला मनाला काही ओलांडावं लागत नाही.

बुवा ऐकून घेतात, पण अजून पटलं असं म्हणत नाहीत. मुदतीचा हिशोब त्यांनी स्वतः पोथी काढून तपासला आणि बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. यंदा कोठारपर्यंत येईन म्हणालेत. वर चढणार नाहीत, जयजयकारही करणार नाहीत. तेलाची बाटली मात्र माझ्याकडे देणार आहेत, आणि रिकामी बाटली डोंगरावर टाकून यायची नाही, अशी ताकीद त्यांनी आत्ताच दिली आहे.