सणाच्या गर्दीत हरवलेले माणूस



नाताळात आपल्या घरांची घडी विस्कटते. मध्यरात्रीच्या मिस्साहून येऊन आडवे होईपर्यंत पहाट होते. पाहुणे येतात, न्हाणीघरापुढे रांग लागते. करंज्या तळता तळता गॅस संपतो, पाण्याची टाकी नेमकी दुपारी रिकामी होते. एक जण टीव्हीचा आवाज वाढवतो, दुसरा त्याच्यावर ओरडतो. शांतीच्या सणाला घरात अशांती! मग आपण म्हणतो, ‘आपल्याकडे सण कधी नीट पार पडतच नाही.’

नाताळनंतरच्या रविवारी आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करतो. १९२१ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तो साऱ्या ख्रिस्तसभेला लागू केला. उपासनेच्या तीन वर्षांच्या चक्रात या दिवशी तीन वेगवेगळी शुभवर्तमाने ठेवली आहेत. एका वर्षी योसेफ बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन रातोरात मिसर देशाला पळतो. दुसऱ्या वर्षी मंदिरात वृद्ध शिमोन मरियेला सांगतो, की तिच्या जिवाला तलवार भेदून जाईल. तिसऱ्या वर्षी बारा वर्षांचा येशू हरवतो. विस्कटलेली घडी त्या घरालाही चुकली नाही. तरी ते घर पवित्र होते.

येशू हरवला तो सणाहून परतताना. सोबत नातेवाईक होते, ओळखीचे होते. तो त्यांच्यातच असेल, असे समजून आईवडील दिवसभर चालत राहिले. गर्दी होती म्हणूनच तो नाही, हे कळायला उशीर झाला.

आपल्याही भरल्या घरात असेच कोणीतरी हरवते. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले थंड जेवण एकटी जेवणारी आई. आतल्या खोलीत खाटेवर पडून बाहेरचे हसणे ऐकणारे आजोबा. जमिनीच्या वाटणीवरून बोलणे बंद झाल्यामुळे शेजारीच राहून न येणारा भाऊ. ‘असतील इथेच कुठे,’ असे म्हणत आपण पुढे चालत राहतो.

मरिया आणि योसेफ चाललेली वाट मागे फिरले. मंदिरात येशू सापडला तेव्हा मरियेने आपले दुःख त्याला बोलून दाखवले. त्याचे उत्तर दोघांना समजले नाही. तरी तिघे एकत्र नाझरेथला परतले. सगळे समजल्यावरच एकत्र यायचे, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

या आठवड्यात आपणही मागे फिरू या. एक दिवस आईला आधी बसवून आपण वाढू या. आजोबांची खुर्ची बाहेर आणू या. भावाच्या दारी फराळाचे ताट कोणाच्या हाती न पाठवता स्वतः नेऊ या. वाटणीचा प्रश्न लगेच सुटणार नाही, पण दार तर उघडेल.

हे प्रभो, आमच्या विस्कटलेल्या घरांत तू राहा. गर्दीत हरवलेल्यांना शोधायला आम्हांला मागे फिरव. आमेन.