दुसऱ्या खेपेचे वर्ष

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला म्हणजे अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ घरांत एक प्रश्न मुक्कामाला येतो: पदरी पडलेल्या पर्सेंटाइलवर मिळेल तेथे प्रवेश घ्यावा, की वर्षाचा ‘ड्रॉप’ घेऊन पुन्हा परीक्षेस बसावे? हा प्रश्न बहुधा बुद्धीच्या कुवतीचा म्हणून चर्चिला जातो. माझ्या मते तो प्रथम नीतीचा आहे, कारण जे वर्ष खर्ची पडावयाचे ते एकट्या उमेदवाराच्या मालकीचे क्वचितच असते; त्यात वडिलांच्या निवृत्तीची मुदत असते, पुण्यातील खोलीचे भाडे आणि शिकवणीची फी असते, आणि आपली पाळी येण्याची निमूटपणे वाट पाहणारी धाकटी बहीणही असते.

वऱ्हाडातील कास्तकाराला असा निर्णय नवा नाही. जूनमध्ये टोबलेली सरकी पावसाच्या खंडाने करपली म्हणजे दुबार पेरणी करावी की नाही, हे तो केवळ उमेदीच्या बळावर ठरवीत नाही. तो माती उकरून ओल किती खोल आहे ते पाहतो, बियाण्याची उधारी आणखी किती सोसेल याचा अंदाज घेतो, उरलेला हंगाम मोजतो, आणि उशीर फार झाला असेल तर कपाशीचा हट्ट सोडून दुसऱ्या पिकाकडे वळतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आपत्कालीन पीक नियोजनातही उशीर वाढेल तसे पीक बदलण्याची तजवीज असते, आणि असे पीक बदलणाऱ्यास गावात कोणी भ्याड म्हणत नाही. त्याच गावातून शिकावयास गेलेल्या मुलाने मात्र ‘आता पुन्हा बसत नाही’ असे म्हटले, की ते माघार घेण्यासारखे का मानले जावे, हे मला आजवर उमगलेले नाही.

ओल पाहणे म्हणजे येथे अपयशाचे कारण प्रामाणिकपणे शोधणे. राज्याच्या सीईटीत अडीच तासांत २०० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तेव्हा तेथे कसोटी लागते ती वेगाची. आयआयएमच्या कॅटमध्ये दोन तासांत तीन विभाग असून पर्यायी प्रश्नांतील चुकीला दंड आहे, तेव्हा तेथे काय सोडून द्यावे हे कळावे लागते. यांपैकी कोणते उणेपण आपल्यास भोवले, हे ज्यास सांगता येते त्याने पुन्हा बसण्यात अर्थ आहे. ‘पेपर अवघड होता’ एवढीच ज्याची कैफियत आहे, त्याने थांबून विचार करावा, कारण पर्सेंटाइल आपल्या मागे किती टक्के परीक्षार्थी राहिले एवढेच सांगते. पुढील वर्षी अभ्यास वाढला आणि इतरांचा त्याहून अधिक वाढला, तर आकडा उतरूही शकतो. शिवाय कॅटचा गुणांक एकाच वर्षाच्या प्रवेशास चालतो, म्हणजे वर्ष सोडले की हाती जमा काही राहत नाही. २०१५ साली आयआयएम नागपुरास आली, तरी विदर्भाच्या मुलांकरिता तिने वेगळा कोटा ठेवलेला नाही.

परीक्षा पुन्हा देण्याचा हक्क काही प्रसंगी निर्विवाद असतो. २०२३ च्या मार्चमधील एमबीए सीईटीत यंत्रणेतील बिघाडाची झळ ज्या उमेदवारांस लागली, त्यांच्याकरिता ६ मे रोजी फेरपरीक्षा झाली. तेथे दोष उमेदवाराचा नव्हता आणि भरपाई देणे सरकारचे कर्तव्यच होते. आता २०२६-२७ या वर्षाच्या प्रवेशापासून ही सीईटी दोनदा घेण्याचे ठरले आहे: पहिली अनिवार्य, दुसरी ऐच्छिक, आणि दोहोंतील सरस गुण ग्राह्य. एका वाईट सकाळमुळे वर्ष वाया जाऊ नये, हा यातील हेतू स्वागतार्ह आहे, आणि केवळ त्या भीतीपोटी ‘ड्रॉप’ घेणारे काही तरी यामुळे वाचतील. तथापि ज्यास ऐपत आहे तो दुसऱ्यांदा बसणारच, आणि तो बसला की न बसणाऱ्याचे गुणवत्ता यादीतील स्थान काही न करताही खाली सरकणार. मग ज्याच्या घरी परीक्षाशुल्काचा आणि परीक्षाकेंद्रापर्यंतच्या प्रवासाचाही हिशेब करावा लागतो, त्याच्यापुरती ती मुभा हुकमाइतकीच सक्तीची ठरते. दुर्बल उत्पन्नगटास दुसऱ्या खेपेचे शुल्क माफ असावे, ही मागणी मला म्हणूनच न्याय्य वाटते.

घरातील निर्णयासंबंधी मात्र सरकार काही करू शकत नाही. मुले पुष्कळदा परीक्षेची तयारी करीत आहोत असे सांगून नोकरीच्या भयापासून एक वर्ष विसावा मागत असतात, आणि आईबापही मुलाच्या निमित्ताने स्वतःच्या अपुऱ्या महत्त्वाकांक्षेस पुन्हा परीक्षेस बसवीत असतात. या दोन्ही गोष्टी मानवी आहेत, पण त्या उघड बोलल्या गेल्या पाहिजेत. पैसा कोठून येणार, कोणाचे काय लांबणीवर पडणार, नोकरी सांभाळून अभ्यास होईल काय, आणि या खेपेसही आकडा आला नाही तर कोणत्या महाविद्यालयात विनातक्रार जावयाचे, हे अर्ज भरण्यापूर्वी धाकट्या बहिणीच्या देखत ठरावे, आणि तिलाही त्यात नकार देण्याचा अधिकार असावा.