अश्रू आपले की वाद्यवृंदाचे?

चित्रपटगृहात डोळे पुसणाऱ्याला वाटते, आपले अंतःकरण अद्याप कोमल आहे. असेलही. पण त्या अश्रूंत आपले किती आणि वाद्यवृंदाचे किती, हा प्रश्न आम्हांला विचारण्याजोगा वाटतो.

बेळगाव-निपाणीकडील प्रेक्षकांना ह्याची पारख सहज करता येईल. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 2016 साली आला आणि 2017 साली त्याचाच कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे'. नायिका तीच, रिंकू राजगुरू. चालीही अजय-अतुल यांच्याच. ज्याला कन्नड बेताचेच समजते, तोही कोठे हरखावे हे बरोबर ओळखतो. पडद्यावरची धाव संथ होते, व्हायोलिने उसळतात, आणि आपले मन आपल्याला न विचारताच त्या दोघांच्या बाजूचे होऊन बसते.

पण 'सैराट'च्या शेवटी, जातीपायी त्या दोघांचा खून झाल्यावर, मंजुळे यांनी सगळे सूर काढून घेतले आहेत. लहानगे मूल रक्तात पाय भरून बाहेर चालत जाते, आणि आवाज मुळीच नाही. आता काय वाटून घ्यावे हे सांगायला कोणी उरत नाही.

ही युक्ती नवी नव्हे. निपाणीहून जवळच्या कोल्हापुरात 1929 साली सुरू झालेल्या 'प्रभात'ने पुण्याला गेल्यावर 1937 साली 'कुंकू' काढला. त्यात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे ठेवले. तरुण मुलीशी लग्न केलेल्या म्हाताऱ्या वकिलाला फुटक्या आरशाच्या तुकड्यांतून त्याचेच तोंड अनेक होऊन पाहू लागते. तेथे सनई-सारंगी असती, तर आपण त्याची कीव करून मोकळे झालो असतो.

संत ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाबा'त कार्थेजच्या नाटकांविषयी हेच म्हटले आहे: तेथे प्रेक्षकाला दुःख करायला बोलावतात, मदत करायला नव्हे. पुढे तो देवळातल्या गायनालाही सोडत नाही. आशयापेक्षा सुराने आपण अधिक हेलावतो, ह्याची त्याला टोचणी होती. (इतका कडकपणा आम्हांला झेपणारा नाही, उपासनेत गाणे हवेच.) पण 'सैराट' पाहून रडलेले आईबाप मुलीचे स्थळ पाहताना मूळची जात हळूच विचारतात, आणि हे आपल्या मंडळ्यांतही घडते. ते अश्रू खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. ते गाण्याबरोबर सुरू झाले आणि गाण्याबरोबर संपले.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे एक प्रश्न ठेवतो. वधस्तंभाची गोष्ट सांगताना मागे हार्मोनियम हळू वाजत ठेवावी काय? मुले लवकर रडतील, ह्यात शंका नाही. दावीद राजा स्वतः उत्तम वीणावादक होता. पण गरिबाच्या मेंढीची गोष्ट घेऊन नाथान त्याच्यापुढे उभा राहिला, तेव्हा त्याने वीणा मागवली नाही.