मूळ प्रतीशी ताडून पाहिले

बँकेत माझ्या टेबलावर एक रबरी शिक्का आहे : 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले.' रोज शंभर-दीडशे झेरॉक्सवर मी तो उठवतो. त्यामुळे नक्कल या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे, असं मी समजतो. बी.कॉम. असलो म्हणून काय झालं!

निमित्त झालं दह्याचं. गेल्या वर्षी आई गेली आणि महिन्याभरात तिचं विरजणही गेलं. शेवटी गोखले रोडवरच्या एका काकूंकडून वाटीभर आणलं. आईनंच कधीतरी त्यांना दिलेलं. दूध तेच, पातेलं तेच. दही लागलं, पण ते आईचं दही नव्हे.

तेव्हा मला कर्नालची म्हैस आठवली. तिथल्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ साली म्हशीचं क्लोन झालं. फेब्रुवारीतलं पहिलं रेडकू थोड्याच दिवसांत न्यूमोनियानं गेलं. जूनमध्ये गरिमा जन्मली. ती दोन वर्षांहून थोडी अधिक जगली.

कृती ऐकायला सोपी. बीजांडातलं केंद्रक काढायचं आणि हव्या त्या जनावराच्या पेशीचं त्यात घालायचं. पण त्या केंद्रकाला आधीची नोकरी विसरावी लागते. आमच्याकडे वीस वर्षं कॅशमध्ये बसलेला माणूस कर्जखात्यात आला की थुंकी लावून अर्ज मोजतो, तिथे बिचाऱ्या पेशीचं काय! पुष्कळ गर्भ इथेच खुंटतात. उरलेल्यांचा पहिला आठवडा काचेच्या बशीत. आईच्या पोटातल्या द्रवात पेशींना 'वाढा' म्हणून सांगणारी प्रथिनं असतात, वाढघटक म्हणतात त्यांना. बशीत ती सोय आपण करायची. रक्तजलात वाढवलेल्या गर्भांची काही वासरं, कोकरं अवाढव्य निपजली. म्हणजे विरजण तेच, ऊब चुकली.

डॉलीच्या वेळी, १९९६ साली, २७७ पेशी बीजांडांशी जोडल्या, मेंढी मिळाली एक. बाकीच्या २७६ कुठल्या खात्यात लिहायच्या, हे आम्हाला कॉमर्सला शिकवलं नाही.

तरी खरं सांगू? त्या वाटीकडे बघताना मनात आलंच : आईचं असं काही करता आलं असतं तर? पुढचा विचार केला आणि घाबरलो. मिळालं असतं ते तान्हं बाळ. आईला मांडीवर घेऊन दुपटी बदलायची, नौपाड्यातल्या शाळेत बालवर्गाच्या प्रवेशासाठी खेटे घालायचे. आणि एवढं करून मी कोण, हे तिला ठाऊक नाही! तेही चाललं असतं. पण मी शिक्का घेऊन जन्मभर तिच्या मागे फिरलो असतो. 'आई असं नाही करायची.' त्या पोरीनं काय घोडं मारलं होतं माझं?

हे मी सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, "अहो, आत्ता तरी वेगळं काय करता?"

आमच्या धाकटीचं नाक आजीवर गेलंय.

रात्री धाकटी जेवायला बसली. आजी दह्यात मीठ घालायची. मी मिठाची बरणी पुढे सरकवली. तिनं साखर मागितली.

मी उठलो आणि साखरेचा डबा शोधू लागलो.